युद्धखेळांतील मराठेशाही

गेल्या दिवाळींत हिंदमातेच्या कापडबाजाराच्या पाठीमागील एका चाळींत मुलांनीं बांधलेला किल्ला पाहण्याचा योग आम्हांस आला. परळ, लालबाग, दादर, गिरगांव या भागांत दिवाळीचा किल्ला बांधण्याची चाल अद्याप पुष्कळ ठिकाणीं टिकून आहे, व ती टिकावी असें आम्हांस मनापासून वाटतें. किल्ला नेहमींच्या वळणाचाच होता. विटा, गोणपाट व चिखल यांचा डोंगर, त्यावर उगवलेले अळीव, पायथ्याशीं आरशाच्या तुकड्याचें तळें, आणि बालेकिल्ल्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज. ते इतके मोठे कीं, खालच्या दरवाजांतून त्यांचें पाऊलहि आंत शिरलें नसतें. मावळ्यांच्या शेजारीं हिरव्या गणवेशाचा एक प्लॅस्टिकचा शिपाई मशीनगन घेऊन पहाऱ्यास उभा होता. या अपूर्व किल्ल्यालगतच्या कट्ट्यावर बसून सोळा-सतरा वर्षांचे दोन तरुण एका संगणकी युद्धखेळावरून हातघाईवर आले होते. एकाचें म्हणणें असें कीं, त्या खेळांत मराठ्यांच्या निशाणाचा रंग व शिपायांच्या पगड्या चुकीच्या दाखविल्या आहेत, सबब तो खेळ म्हणजे आमच्या इतिहासाचा अपमान होय. दुसऱ्याचें म्हणणें, खेळ तो खेळ. ज्यास इतिहास पाहिजे त्यानें पुस्तक वाचावें.

निवाड्याचें काम वडील मनुष्य म्हणून साहजिकच आमच्याकडे आलें. ‘काका, तुम्हीच सांगा,’ असें दोघेहि म्हणाले. आम्हीं कांहींतरी गुळमुळीत उत्तर दिलें आणि काढता पाय घेतला, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. परंतु प्रश्न डोक्यांतून गेला नाहीं. पुढें त्यांपैकीं एकाच्या घरीं जाऊन आम्हीं ते खेळ पाहिले, थोडे खेळलों, बरेचसे हरलों. आणि जें उत्तर त्या दिवशीं देतां आलें नाहीं तें आज येथें देत आहों. कारण हे दोन पक्ष कांहीं त्या कट्ट्यापुरते नाहींत. ऐतिहासिक नाटक, कादंबरी, चित्रपट, कांहींहि निघालें कीं वडीलधारी माणसेंहि याच दोन रांगांत उभीं राहतात. पहिल्यांस आपण निशाणवादी म्हणूं, दुसऱ्यांस खेळवादी.

दोघांची चूक आमच्या मतें एकच आहे. निशाणवादी समजतो कीं इतिहास कपड्यांत असतो. खेळवादी समजतो कीं तो पुस्तकांत असतो. खेळांतील इतिहास हा खेळाच्या नियमांत असतो, हें दोघांच्याहि ध्यानांत आलेलें नाहीं. खेळणाऱ्यास काय करितां येतें व काय येत नाहीं, कोणती गोष्ट स्वस्त व कोणती महाग, कशाचा हिशेब ठेवावा लागतो व कशाकडे पाहावेंहि लागत नाहीं, हें ठरविणारा मनुष्य, त्याची इच्छा असो वा नसो, त्या काळाविषयीं एक विधान करीत असतो. बखरकार तें विधान लिहून करितो, हा नियम घालून करितो, एवढाच भेद. त्यांतहि बखरकारावर वाचक निदान संशय घेतो. नियमावर कोणी संशय घेत नाहीं, कारण नियम वाचावयाचा नसून पाळावयाचा असतो. तीन महिने एखादा नियम पाळला म्हणजे तो जगाचा स्वभावच वाटूं लागतो.

कोणी म्हणेल कीं, मग बुद्धिबळाचें काय? त्यांत तर उंट तिरका धांवतो, हत्ती एका दमांत पटाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत जातो, आणि घोडा अडीच घरांच्या उड्या मारितो. हा कोणत्या रणांगणाचा इतिहास? आमचें उत्तर असें कीं, तो कोणत्याच रणांगणाचा नाहीं, आणि तसा असल्याचा आव त्या खेळानें कधीं आणलाहि नाहीं. चतुरंग सेनेचीं नांवें घेऊन तो आपल्या वाटेनें गेला. (राजा जेमतेम एक घर सरकतो आणि वजीर चोहोंकडे संचार करितो, ही एवढी एक गोष्ट मात्र आमच्या अठराव्या शतकाशीं इतकी जुळते कीं, हा पट साताऱ्यास बसून कोणी आंखला कीं काय अशी शंका यावी. पुढें या गोष्टीशीं आम्हांस पुन्हां काम आहे.) परंतु जो खेळ पटावर ‘सन १७००’ असें लिहितो, ‘मराठे’ असें लिहितो, नकाशावर कृष्णा आणि यमुना काढतो, त्याची गोष्ट निराळी. तो खेळणाऱ्याच्या मनांतील आधींच्या प्रेमावर, अभिमानावर आणि कुतूहलावर आपली विक्री करीत असतो. नांव उसनें घेतलें कीं ऋण लागलें. ऋण घेतल्यावर ‘खेळ तो खेळ’ म्हणून हात झटकतां येत नाहींत.

ज्या खेळावरून कट्ट्यावरचें भांडण चाललें होतें त्याचें नांव ‘एंपायर : टोटल वॉर’. इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या मंडळीनें तो तयार केला व मार्च २००९ मध्यें तो प्रसिद्ध झाला. १७०० पासून १७९९ पर्यंतचें शतक, आणि युरोप, अमेरिका व हिंदुस्थान असे तीन रंगमंच, असा त्याचा पसारा आहे. खेळणारानें एक सत्ता पत्करावयाची, शहरें वाढवावयाचीं, फौजा उभारावयाच्या, आणि लढाई उभी राहिली म्हणजे स्वतः सेनापति होऊन ती लढवावयाची. पत्करतां येणाऱ्या मोजक्या सत्तांत मराठ्यांची सत्ता आहे. फ्रान्स, ब्रिटन, प्रशिया यांच्या पंगतीस मराठ्यांचें पान मांडलेलें पाहून आम्हांसहि बरें वाटलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. लालबागच्या मुलानें मराठ्यांचें आरमार टेम्स नदीच्या मुखाशीं नेऊन लंडन जिंकावें, यांत आम्हांस गैर कांहींच दिसत नाहीं. तसें झालें नाहीं हें त्यास ठाऊक आहे. आणि जें झालें नाहीं तें होऊं शकतें काय हें पाहण्यासाठींच तर खेळ असतो.

येथें निशाणवाद्यांस एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. खेळ म्हटला कीं काटछाट आलीच. याच खेळांत युरोपांतील सबंध फ्रान्स हा एकच प्रांत आहे. एक पॅरिस घेतलें कीं फ्रान्स संपला. ब्रिटानीपासून प्रोव्हान्सपर्यंतच्या मुलखाची अशी एक गोळी करून टाकिल्याबद्दल तिकडील खेळाडूंनीं पुष्कळ थट्टा केली. तेव्हां काटछाट दिसली कीं ‘आमचाच अपमान’ असें समजून बाह्या सरसावण्यांत शहाणपण नाहीं. प्रश्न काटछाट केली कीं नाहीं हा नव्हेच. काय छाटलें आणि काय ठेवलें, हा आहे.

आतां काय छाटलें तें पाहा. या खेळांत राज्यपद्धतीचे तीन साचे आहेत: अनियंत्रित राजसत्ता, सनदशीर राजसत्ता आणि प्रजासत्ताक. जगांतील प्रत्येक सत्ता यांपैकीं एका सांच्यांत बसलीच पाहिजे. मराठ्यांच्या सत्तेस नांव ‘कॉन्फेडरसी’ म्हणजे संघ असें दिलें आहे, आणि तिची घडण मात्र एका राजाची, एका खजिन्याची, एका मंत्रिमंडळाची आहे. म्हणजे नांव एक, वस्तु दुसरी. बरें, आरंभाचें वर्ष १७००. त्या वर्षीं वस्तुस्थिति काय होती? रायगड १६८९ मध्येंच गेला होता. राजाराम महाराज जिंजीहून परत येऊन सुमारें दोन वर्षें होतात तोंच मार्च १७०० मध्यें सिंहगडावर वारले. पुढच्याच महिन्यांत साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हातीं गेला. गादीचा वारस शाहू बादशहाच्या छावणींत कैदेंत होता, आणि ताराबाईनें आपल्या लहान मुलाच्या नांवानें लढा पुढें चालविला होता. राजधानी नाहीं, भरलेला खजिना नाहीं, ठरलेली सरहद्द नाहीं. आणि तरी राज्य आहे, लढतें आहे, व हिंदुस्थानांतील सर्वांत बलाढ्य बादशहाला दक्षिणेंत खिळवून ठेवितें आहे. जगाच्या इतिहासांत क्वचित् दिसणारी ही स्थिति. एखाद्या कल्पक रचनाकारास यांत केवढें भांडवल होतें! राजधानी हरली तरी खेळ न संपणारी, मुख्य मारला तरी न मोडणारी, किल्ला पैसे घेऊन देणारी व पावसाळा संपतांच परत घेणारी अशी एक सत्ता त्यास उभी करितां आली असती. त्याऐवजीं त्यानें प्रशियालाच पगडी घातली.

आणि पुढें शतकाच्या मध्यावर, जेव्हां खरोखरच संघ उभा राहिला, तेव्हांहि सांचा तोच. साताऱ्यास छत्रपति, पुण्यास पेशवा, आणि माळव्यांत शिंदे-होळकर, बडोद्यास गायकवाड, नागपुरास भोसले, प्रत्येकाची फौज निराळी, सरंजाम निराळा, हेवेदावे तर विचारूंच नयेत. या साऱ्यांस एका हातानें हालवितां येईल अशी कळच इतिहासांत कोणापाशीं नव्हती; खेळांत मात्र ती पहिल्या दिवसापासून खेळणाऱ्याच्या बोटाखालीं आहे. बुद्धिबळाच्या पटानें राजा आणि वजीर यांचा जो संबंध सहज सांगितला तेवढाहि या भल्यामोठ्या यंत्रास सांगतां आला नाहीं. मल्हाररावानें हुकूम ऐकला नाहीं तर काय करावें, ही चिंता ज्या मराठा सेनापतीस नाहीं तो कोणत्या शतकांतला?

तीच गोष्ट वसुलाची. त्या खेळांत जमीन एक तर माझी, नाहीं तर तुमची. माझी असली तर तीवर कर बसवावयाचा. गरिबांवर किती आणि श्रीमंतांवर किती, हें कमीजास्त करण्याची सोय आहे. परंतु ज्या मुलखावर राज्य मोगलाचें, पण चौथाई व सरदेशमुखी मराठ्यांची, असा मुलूख त्या नकाशावर असूंच शकत नाहीं. बाळाजी विश्वनाथानें १७१९ मध्यें दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, आणि पुढील चाळीस वर्षांचा सारा विस्तार त्या चतुर्थांशाच्या व दशांशाच्या जोरावर झाला. परक्याच्या राज्यांत आपला हक्क, ही कल्पना काढून घेतली कीं बाजीरावाच्या स्वाऱ्या म्हणजे नुसती घोडदौड उरते. मग त्या स्वाऱ्या लूट होत्या असें कोणी म्हटलें कीं तोच निशाणवादी रागावतो. पण ज्या खेळांत लुटीखेरीज दुसरी वाटच ठेविली नाहीं तो खेळ त्यानें शंभर तास खेळलेला असतो, आणि तेथें त्यास राग आला होता तो पगडीचा.

परंतु आमचा सर्वांत मोठा आक्षेप याहून साधा आहे. त्या खेळांत वर्षाच्या चाली दोन: एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची. पावसाळा नाहीं. हिंदुस्थानाचा रंगमंच मांडला, हत्ती आणिले, आणि पाऊस विसरले! ज्या माणसानें जुलैंत हिंदमातेच्या चौकांत गुडघाभर पाण्यांत उभें राहून बसची वाट पाहिली आहे, त्यास ऋतु म्हणजे काय आणि भूमीचा उतार म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. हा चौक बशीसारखा खोलगट. चोहोंकडचें पाणी येथें उतरतें. महापालिकेनें अलीकडे परळच्या व दादरच्या मैदानांखालीं मोठाल्या टाक्या बांधून तें पाणी सांठविण्याची व्यवस्था केली, यावरूनच त्याचा अंमल किती होता तें कळावें. विसाव्या-एकविसाव्या शतकांतील डांबरी रस्त्यावर मोटारगाडी जेथें अडते, तेथें अठराव्या शतकांतील तोफेचा गाडा काय करीत असेल? म्हणूनच मराठ्यांचें वर्ष दसऱ्यास सुरू होई. सीमोल्लंघन करावयाचें, आठ महिने मुलूखगिरी करावयाची, आणि मृगाच्या आधीं छावणी धरावयाची किंवा घर गांठावयाचें. घोड्यास चारा, माणसास धान्य, नदीस उतार, या सर्वांचें गणित त्या चार महिन्यांवर बसलेलें. तीन ऋतूंच्या देशाला दोन ऋतूंचें वर्ष देणें ही काटछाट नव्हे. दुसऱ्या देशाचें पंचांग आहे तें.

कोणी म्हणेल, हें करितांच येत नसेल. तसें नाहीं. स्वीडनमधील पॅराडॉक्स या संस्थेच्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ या खेळाची चौथी आवृत्ति २०१३ मध्यें निघाली. १४४४ पासून १८२१ पर्यंतचा काळ तींत येतो. तींत हिवाळ्याप्रमाणें पावसाळ्यासहि सैन्यावर परिणाम करणारी बाब म्हणून स्थान दिलेलें आहे, आणि एका प्रांतांत किती सैन्य पोसलें जाईल यास मर्यादा असून ती ओलांडली कीं फौज लढल्यावांचून झिजूं लागते. त्या खेळाचेहि दोष पुष्कळ आहेत. पण पाऊस व पोट या दोन गोष्टी नियमांत घातल्यानें खेळ मोडत नाहीं एवढें त्यानें सिद्ध केलें. तेव्हां पाऊस वगळणें ही कांहीं रचनेची गरज नव्हती. तो रचनाकाराचा निर्णय होता, आणि निर्णयास जाब विचारतां येतो.

हा जाब विचारण्याचें कारण नुसती हौस नव्हे. मराठी भाषेंत ‘पानिपत झालें’ हा वाक्प्रचार अडीचशेंहून अधिक वर्षें रूढ आहे, आणि पानिपत कां झालें याविषयीं प्रत्येक घरांत एक मत असतें. कोणी भाऊसाहेबांचा गर्व सांगतो, कोणी होळकरांचें निघून जाणें, कोणी विश्वासरावास लागलेली गोळी. हीं सर्व मतें १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाभोंवतीं फिरतात. आणि युद्धखेळ नेमका तोच दिवस घेऊन बसतो: दोन्ही फौजा समोरासमोर, पोटभर जेवलेल्या, ताज्या दमाच्या, आतां गारद्यांची रांग पुढें घे, घोडा डावीकडून फिरव, आणि जिंक. मुलगा जिंकतो, आणि त्याची खात्री पटते कीं भाऊ जागीं आपण असतों तर निकाल फिरला असता. हें खोटें आहे. तो दिवस उजाडण्यापूर्वींच बराचसा निकाल लागून चुकला होता.

क्रम पाहा. उदगीरच्या विजयानंतर मार्च १७६० मध्यें पडदूरहून फौज निघाली. यमुनेवर पोहोंचेपर्यंत पावसाळा लागला. नदी दुथडी भरली. अंतर्वेदींत उतरून अब्दालीस गांठावयाचा बेत, नावा जमवून पूल बांधण्याच्या गोविंदपंत बुंदेल्यास दिलेल्या ताकिदी, हें सारें त्या पुरांत वाहून गेलें. ऑगस्टमध्यें दिल्ली घेतली. पण दिल्लींत पैसा नव्हता, दिवाण-इ-खासचें चांदीचें छत उतरवून नाणीं पाडावीं लागलीं. ऑक्टोबरमध्यें कुंजपुरा घेतला, धान्य मिळालें. तोंच महिनाअखेर पाणी उतरत असतां अब्दाली बागपताजवळ यमुना ओलांडून दिल्ली व मराठे यांच्या मध्यें येऊन बसला. पुढें अडीच महिने कोंडी. डिसेंबरांत रसद व वसूल करणारे गोविंदपंत मारले गेले. लढणाऱ्यांहून न लढणारीं माणसें अधिक: बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुलें, आणि खाणारीं तोंडें मात्र सर्वांचीं सारखीं. पौषाच्या थंडींत उपाशी घोडे आणि उपाशी स्वार घेऊन भाऊ बाहेर पडले ते, उपासानें मरण्यापेक्षां लढून मरावें या हिशेबानें. आतां हें त्या खेळाच्या नियमांत मांडूं जा. पावसाळा नाहीं, म्हणून पूर नाहीं. रसदेची वाट तोडणें नाहीं, कारण फौज रसदीवर चालत नसून खजिन्यांतून दर चालीस वजा होणाऱ्या रकमेवर चालते. आणि तो खजिना असा कीं, पुण्यांतला रुपया त्याच क्षणीं पानिपतावर हजर! हुंडी नाहीं, सावकार नाहीं, वाट नाहीं. भाऊसाहेबांस असा खजिना मिळता तर पानिपतचा इतिहास लिहावाच लागला नसता.

खेळवादी येथें हंसेल. म्हणेल, एवढा सगळा हिशेब घातला तर तो खेळ कसला? त्यास आम्ही प्रशियाकडे बोट दाखवितों. रायस्विट्झ नांवाच्या एका लेफ्टनंटानें, आपल्या वडिलांची कल्पना पुढें नेऊन, १८२४ मध्यें सैन्याधिकाऱ्यांसाठीं नकाशावरील युद्धखेळ सिद्ध केला. त्यांत सैन्यें म्हणजे तांबडे व निळे ठोकळे. गणवेश नाहीं, चेहरा नाहीं. निशाणवाद्यास पाहावयास कांहींच नाहीं. पण हुकूम लिहून द्यावा लागे, तो पोहोंचण्यास वेळ लागे, शत्रु कोठें आहे तें आपल्या पहारेकऱ्यास जेवढें दिसेल तेवढेंच कळे, आणि बाकीचें मधल्या पंचास ठाऊक. प्रशियाच्या जनरल स्टाफचा मुख्य म्युफ्लिंग आरंभीं उदासीन होता; खेळ चालतांना पाहून त्यानें सबंध सैन्यास त्याची शिफारस केली. आजवरच्या युद्धखेळांत इतका सत्य खेळ विरळा, आणि त्यांत एक पगडी नव्हती.

उलट नियम खोटे केले तर काय होतें याचाहि दाखला आहे. मे १९४२ मध्यें जपानी आरमारानें मिडवेच्या मोहिमेचा खेळ पटावर खेळून पाहिला. फुचिदा व ओकुमिया या जपानी अधिकाऱ्यांच्या ग्रंथांत सांगितलें आहे कीं, फांसे पडून आपल्या विमानवाहू जहाजांवर नऊ आघात झाले, तेव्हां मुख्य पंच उगाकी यांनीं ते तीनवर आणिले, आणि बुडालेलें एक जहाज पुढल्या डावांत पुन्हां तरंगूं लागलें. पुढच्याच महिन्यांत खऱ्या समुद्रांत त्यांचीं चार विमानवाहू जहाजें बुडालीं. ‘खेळ तो खेळ’ हें वचन त्या पटाभोंवतींहि कोणाच्या मनांत आलेंच असेल.

आतां स्वतःकडे वळणें भाग आहे. परदेशी रचनाकारास मराठ्यांचा वसूल, पाऊस, सरंजाम समजला नाहीं, हें खरें. परंतु त्यास तो समजावा असें आम्हीं काय केलें? राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्यें काढला. पानिपतापूर्वींचा पत्रव्यवहार त्यांत आहे. त्यांत भाऊसाहेबांचा आवाज ऐकूं येतो, आणि तो बहुतेक पैसा पाठवा, धान्य पाठवा, नावा जमवा असाच आहे. त्याच १८९८ सालीं स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची नायगांवची इमारत हिंदमातेपासून पायीं जाण्याइतकी जवळ आहे. कट्ट्यावरील दोघांस तें संग्रहालय कोठें आहे हें ठाऊक नव्हतें. त्यांच्या वडिलांस ठाऊक होतें, पण ते कधीं गेले नव्हते. निशाणाच्या रंगाचा अपमान ज्यांस झोंबतो त्यांपैकीं किती जणांनीं तीं पत्रें उघडून पाहिलीं? निशाणाचा रंग ओळखावयास अभ्यास लागत नाहीं. म्हणून तर त्यावरचें भांडण इतकें स्वस्त पडतें.

आणि निशाणवाद्यांस पाहिजे असलेला खेळ तरी कसा? त्यांच्यापैकीं एकानें आम्हांस सांगितलें कीं, खेळांत पानिपत घातलें तर तें हरलेंच पाहिजे, नाहींतर तो खोटा इतिहास. हें तर आणखी विपरीत. निकाल आधींच ठरलेला असेल तर खेळणाऱ्यानें हातांत काय घ्यावें? तो चित्रपट झाला. आणि चित्रपट २०१९ मध्यें येऊन गेला. अडचणी खऱ्या ठेवाव्या, निकाल मोकळा सोडावा, एवढेंच आमचें मागणें आहे.

तसा खेळ पुण्या-मुंबईंतील जाणत्या तरुणांस करितां येणार नाहीं असें नाहीं. परदेशच्या मंडळींसाठीं असल्या खेळांचें काम करणारे कित्येक हात येथेंच आहेत. पडदूरपासून आरंभ करावा. खेळणाऱ्याच्या हातीं तलवार देण्यापूर्वीं दौत-लेखणी द्यावी. प्रत्येक पंधरवड्यास बाजारांतील धान्याचा भाव, घोड्यांची स्थिति आणि यमुनेचें पाणी एवढें कळवावें. शत्रु कोठें आहे तें जासूद जिवंत परत आला तर कळेल. बायकामुलें व जड सामान मागें ठेवावें, हा सुरजमल जाटाच्या तोंडीं घातला जाणारा सल्ला मानण्याची मोकळीक असावी, आणि तो मानल्यास यात्रेकरू व सरदार यांची नाराजी सोसावी लागावी. सुरजमलास सांभाळावें कीं दिल्लीचा बंदोबस्त आपल्या मनासारखा करावा, सुजाउद्दौल्यास काय देऊं करावें, होळकरांचें किती ऐकावें, हें सर्व खेळणाऱ्यानें ठरवावें. यांतून पानिपत टळलें तर टळूं द्यावें. लढाईस उभें राहावें लागलेंच, तर पोटांत किती दिवसांचें अन्न आहे त्यावर घोड्याची धांव ठरावी. पगड्यांचा रंग मग हवा तो द्या.

ही योजना आम्हीं परवां त्या दोघां तरुणांस ऐकविली. निशाणवादी कांहीं बोलला नाहीं. खेळवादी म्हणाला, ‘काका, यांत लढाई थोडी आणि जमाखर्च फार.’ आम्हीं त्यास राजवाड्यांच्या पहिल्या खंडांतील गोविंदपंतांस गेलेलीं पत्रें नायगांवास नेऊन दाखविण्याचें कबूल केलें आहे. दुसरा आपण होऊनच येतों म्हणाला.